सहा आठवडे झाले, मग ठोके का नाहीत?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझे मिस्टर बोटीवर असतात, साडेतीन आठवड्यांपूर्वी घरी आलेत. पाळी चुकली म्हणून घरी टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली, लगेच सोनोग्राफी केली तर रिपोर्टवर सहा आठवडे दोन दिवस लिहिलंय, ४ मिमीची पिशवी दिसतेय पण बाळ नाही, ठोकेही नाहीत. सासूबाई म्हणतात सहा आठवड्यांपूर्वी तर हा बोटीवर होता. शेजारच्या काकू म्हणतात ठोके नाहीत तर साफ करून घे. माझी पाळी पहिल्यापासून ३८-४० दिवसांनी येते. रडून रडून डोळे सुजलेत, काय करू? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: आधी सासूबाईंचं बघू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय. रिपोर्टवरचे आठवडे गर्भ राहिला त्या दिवसापासून मोजतच नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बाईला माहीत असते आणि बीज नेमकं कधी फुटलं ते कुणालाच दिसत नाही. म्हणजे त्या 'सहा आठवड्यां'तले पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच, आणि हे २८ दिवसांची पाळी असणाऱ्यांचं झालं. तुमची पाळी ३८ दिवसांची, तर बीज साधारण २४व्या दिवशी फुटलं असणार, म्हणजे गर्भ राहून जेमतेम २० दिवस झालेत. तेव्हा मिस्टर घरीच होते! हे घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा, अशा हिशोबावरून बाईवर संशय घेणं फार वाईट आहे.

आता ठोके. बीज बाहेर पडल्यावर एक दिवसच टिकतं, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. दोघांची गाठ पडते ती ट्यूबमध्ये, गर्भाशयात नाही. मग एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं होत होत तो गोळा ट्यूबमधून खाली सरकतो, पाचव्या दिवशी आत पाणी भरलेली पोकळी तयार होते, आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून तो गर्भाशयाच्या अस्तरात रुतायला लागतो. रुतल्यावरच ते हार्मोन रक्तात आणि लघवीत येतं, ज्यावर तुमची घरची टेस्ट पॉझिटिव्ह आली. हृदय धडधडायला लागतं गर्भ राहिल्यापासून साधारण २२व्या दिवशी, आणि मशीनवर दिसायला अजून थोडे दिवस जातात, तेव्हासुद्धा गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. तुमच्या २० दिवसांना ४ मिमीची रिकामी दिसणारी पिशवी अगदी बरोबर बसते.

सगळं ठीकच असेल असं मी लिहून देऊ शकत नाही, पण साफ करायची घाई अजिबात नको. खालून केलेल्या सोनोग्राफीत पिशवी २५ मिमीची होऊनही आत गर्भ नसेल, किंवा गर्भ ७ मिमीचा होऊन ठोके नसतील, तेव्हाच वाढ थांबली असं पहिल्या तपासणीत म्हणता येतं. तुम्ही त्याच्या आसपासही नाही. दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी करा आणि पाळी उशिरा येते हे डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका. मधे एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, कारण इतक्या लवकरच्या सोनोग्राफीत गर्भ ट्यूबमध्ये आहे का याची पूर्ण खात्री होत नाही.

प्रश्न: ताईला दिवस गेलेत हे दोन महिन्यांनी कळलं. फॉलिक अॅसिड आता सुरू करून उपयोग आहे का? (वाचक, लातूर)

उत्तर: सुरू कराच, पण खरं सांगते, त्या गोळीचं सगळ्यात मोठं काम होऊन गेलंय. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे बऱ्याच जणींना कळून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते, डायबेटिस असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर जास्त डोस देतात. न घेतलेल्या बहुतेक बायकांची बाळंही नीटच असतात, त्यामुळे ताईला घाबरवू नका, फक्त १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, त्यात बाळाचा मणका नीट बघतात.