पोलीस ठाण्याच्या डिटेक्शन स्टाफमध्ये (गुन्ह्यांचा छडा लावणारं पथक) किंवा ‘मिल स्पेशल’ म्हणून कोणाला घेतात?

यासाठी वेगळी भरती नसते. ठाण्यातल्याच शिपाई-हवालदारांतून वरिष्ठ निरीक्षक निवडतात. ज्यांच्यावरून नाव पडलं त्या मुंबईच्या गिरण्या गेल्या, पण मोर्चे, संघटना, वस्तीतली कुजबुज यांची खबर काढणारा अजून ‘मिल स्पेशल’च!

पिळदार शरीर, भारदस्त मिशी इथे उलट नडते. लालबागच्या गर्दीत मिसळून जाणारा, चहाच्या टपरीवर ऐकत बसणारा माणूस लागतो. पुण्यात गुप्तवार्ता प्रबोधिनी आहे, पण खबरी सांभाळणं जुन्या हवालदारामागे फिरूनच कळतं. ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं लिहायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायची सक्ती न्यायालयही करत नाही (साक्ष अधिनियम, कलम 131, जुन्या कायद्यात 125). त्यामुळे खबऱ्याचं नाव पोटातच ठेवायचं.