नाव वाचले गेले नाही, म्हणून सेवा थांबवावी का?

प्रश्न : गेली चार वर्षे मी दर शनिवारी इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात, खेड्यापाड्यांतून रुग्णांसोबत आलेल्या नातेवाइकांसाठी पोळीभाजीचे डबे नेते. यंदा आमच्या चर्चच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या भक्तीत सेवा करणाऱ्यांची नावे वाचली गेली, त्यांत माझे नाव नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. नावाची इतकी ओढ असेल, तर माझी सेवा खोटीच म्हणायची का? हेतू शुद्ध होईपर्यंत डबे बंद ठेवू का?
– एक भगिनी, इंदूर

उत्तर : भगिनी, डबे बंद करू नका. झाबुआहून मुलाला घेऊन आलेल्या आईची भूक तुमचा हेतू तपासून होईपर्यंत थांबणार नाही.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून दानधर्म करणाऱ्यांविषयी प्रभू येशू म्हणतो की त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. तेथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते त्या काळी व्यवहाराच्या पावतीवर ‘रक्कम पूर्ण पोहोचली’ या अर्थाने लिहिले जात असे. ज्याने वाहवेसाठी दिले, त्याचा हिशेब वाहवेपाशीच चुकता झाला आणि पित्याकडे त्याचे काही येणे उरले नाही. तुमचे नाव राहून गेले, म्हणजे तुमच्या नावाची ती पावती फाटलीच नाही. मला तर यात तुमच्यावर झालेली कृपाच दिसते.

तरीही मन दुखावले, हे लपवू नका. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान या शिष्यांनी तर प्रभूच्या उजवी-डावीकडच्या जागाच मागितल्या होत्या, आणि ते ऐकून बाकीचे दहा शिष्य चिडले. प्रभूने त्या दोघांना ‘आधी मन शुद्ध करून या’ असे सांगून परत पाठवले नाही. मोठे होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे असे सर्वांना सांगितले आणि त्यांना सोबत घेऊन तो यरुशलेमेची वाट चालत राहिला. त्याच याकोबाला पुढे, इ. स. ४४ च्या सुमारास, हेरोद राजाने तरवारीने मारले. मानाची जागा मागणारा माणूस प्रभूमागे चालता चालता जीव देण्यापर्यंत पोहोचला. हेतू शुद्ध होतो तो असा, वाटेवर.

कोणाचे नाव घेऊन आभार मानणे मात्र गैर नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल फिबीपासून सुरुवात करून कितीतरी सेवकांची नावे घेतो. तेव्हा पाळकांना एकदा सरळ सांगा की वाईट वाटले; मनात धरून बसलात, तर ते पुढच्या प्रत्येक डब्यात उतरेल.

आणखी एक विचारतो. डबा हातात देऊन तुम्ही लगेच पुढच्याकडे वळता का? या शनिवारी दोन डबे कमी न्या, पण त्या व्हरांड्यात चादर अंथरून बसलेल्या एका बाईजवळ टेका. ती झाकण उघडून पोळीचा पहिला तुकडा आधी लेकराला देते की आजारी माणसासाठी बाजूला ठेवते, ते पाहा. तिच्या रुग्णाचे नाव विचारा आणि घरी प्रार्थनेत ते घ्या. तिने तिच्या पेल्यातला अर्धा चहा पुढे केला, तर नको म्हणू नका. प्रभू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा त्याच्यापुढे पाय करणे पेत्र या शिष्यालाही आधी जडच गेले होते.