सांगलीत एकच संध्याकाळ आहे. गुडघेदुखीची आई आणि चार वर्षांची मुलगी बरोबर. आमराई, प्रतापसिंह उद्यान की कृष्णेचा घाट?

आमराई. जुन्या, उंच झाडांमुळे तिथे सावली भरपूर असते, आणि एप्रिल-मेच्या सांगलीत सावलीपुढे बाकी सगळं दुय्यम. आईंना आत शिरल्यावर पहिल्या रिकाम्या, पाठ असलेल्या बाकावर बसवा. "पुढे बघू" म्हणत चालवत नेऊ नका, परत येतानाही तेवढंच चालायचं असतं.

मुलीला घसरगुंडीवर सोडण्याआधी पत्र्याला तळहात लावून बघा. उन्हात तापलेला पत्रा ऊन उतरलं तरी लगेच निवत नाही, आणि फ्रॉकमधल्या उघड्या मांड्यांना चांगलाच चटका बसतो. झोपाळ्याची कडी वरच्या दांड्याजवळ झिजलेली दिसली तर तो सोडून द्या. खाली माती भुसभुशीत हवी. तुडवून टणक झालेली असेल तर पडल्यावर डोक्याला मार लागतो.

प्रतापसिंह उद्यान पेठेतली खरेदी असेल तर जाता जाता. सिंह दाखवतो असं मात्र मुलीला कबूल करू नका, ती जुनी गोष्ट झाली.

घाट आईंच्या गुडघ्यांना नको, पायऱ्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तर कुणालाच नको: कोयनेतून विसर्ग वाढला की इथे पाऊस नसतानाही पाणी चढतं, आणि ओसरल्यावर पायऱ्यांवर निसरडा गाळ राहतो.

पावसाळ्यात आमराईतही पायवाट सोडू नका, काळी माती चपलेला धरून बसते. डास अंधार पडताना येतात. मुलीला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. भडंग बाहेर पडल्यावर घ्या.