मुलगी मराठी-कानडी मिसळून बोलते, तिचं कानडी थांबवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळं पुण्याहून बेळगावला येऊन सहा महिने झाले. साडेतीन वर्षांची मुलगी रोज तीन-चार तास शेजारच्या कानडी घरात असते आणि घरी येऊन "मला हालू ब्याड" म्हणते. फोनवर आजी-आजोबा हसतात, मग काळजी करतात. तिला शेजारी पाठवणं बंद करावं का, जूनपासून अंगणवाडीत घालावं का, आणि पुढं शाळेचं माध्यम कुठलं घ्यावं?

शेजारी पाठवणं बंद करू नका. बंद करायचंच असेल तर फोनवरचं हसणं बंद करा. त्या 'हसतात' शब्दासाठीच मी लिहायला बसले आहे. बेळगावच्याच वडगावात वाढले, बावीस वर्षं बालवाडीत मुलं सांभाळली आणि आता घरात नात आहे.

"मला हालू ब्याड" हे वाक्य नीट बघा. मराठीत 'मला दूध नको', कानडीत 'ननगे हालु बेडा', आपल्याकडं तोंडी 'ननग हाल ब्याड'. ज्याला नको तो पहिला, नको ती वस्तू मध्ये, नकार शेवटी. दोन्ही भाषांत खाचा त्याच जागी आहेत. तुमच्या मुलीनं दोन खाचांत कानडी शब्द बसवले आणि 'मला' मराठी ठेवलं. वाक्य कुठंही मोडलेलं नाही. थोड्या दिवसांनी ती "हालूत साखर घाल" म्हणेल, म्हणजे शब्द कानडी आणि प्रत्यय मराठी. मराठी शब्दाला कानडी प्रत्यय लावणं शेजारच्या घरात चालत असणार, ते तुमच्या कानावर येत नाही एवढंच.

हे फक्त पोरांचं नाही. सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९७१ साली लेख छापला. शब्द ज्याचे त्याचे, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं, असं त्यांना दिसलं. मोठ्यांनी पिढ्या घालवून जे केलं, ते तुमच्या मुलीनं सहा महिन्यांत हेरलं आहे.

खरा घोटाळा होतो तो सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांत, आणि घरातली बहुतेक हसाहशी तिथूनच येते. कानडीत 'कै' म्हणजे हात. जेवणाआधी बाई म्हणतात "कै तोळको", हात धू. मराठी मूल विचारतं "काय?" बाई पुन्हा "कै", मूल पुन्हा "काय", आणि हात कोरडेच राहतात. 'हालु' म्हणजे दूध. "हालु कुडी" म्हटलं की नवीन मूल 'हळू' ऐकतं आणि अर्धा पेला अर्धा तास पुरवतं. 'मूगु' म्हणजे नाक, त्यामुळं नाक पुसायला बोलावलं की पोर डाळीच्या डब्याकडं बघतं. 'कालु' म्हणजे पाय. पडलेल्या मुलाला पाय दुखतो का विचारलं तर "काल नाही, आत्ता पडलो" असं उत्तर मी स्वतः ऐकलंय. 'बायि' म्हणजे तोंड, 'बाळेहण्णु' म्हणजे केळं. उलट्या बाजूनंही हेच होतं. मूल भिंतीवर कोळी बघून ओरडतं आणि कानडी अज्जी कोंबडी भिंतीवर चढली कशी म्हणून बघायला येते, कारण तिची 'कोळी' म्हणजे कोंबडी. मूल जेवताना "नाई, नाई" म्हणतं आणि ती कुत्र्याला हाकलायला उठते, कारण 'नायि' म्हणजे कुत्रं.

आमच्या घरात मात्र 'हत्ती'नं रण माजवलं. कानडीत 'हत्ती' म्हणजे कापूस.

दिवाळीचे दिवस, पुण्याहून नणंद आलेली. नात तेव्हा पावणेचार वर्षांची. परसात धावताना फरशीवर आपटली आणि गुडघा सोलला. शेजारच्या अव्वा कंपाउंडपलीकडून बघत होत्या. त्या घाईनं म्हणाल्या, "तडी, हत्ती तरतीनी." थांब, कापूस आणते. नात रडायची एकदम थांबली. अव्वांच्या दाराकडं बघितलं. मग जे रडणं सुरू झालं ते गुडघ्याचं नव्हतं. "हत्ती नको! हत्ती आणू नको! दारात मावत नाही!" म्हणत ती लंगडत आत पळाली आणि कॉटखाली जाऊन बसली. अव्वा कापसाचा गुंडा आणि पाण्याची वाटी घेऊन आल्या, त्यांना काही कळेना. त्या कॉटपाशी वाकून पुन्हा पुन्हा "हत्ती, हत्ती, नोडु" म्हणत होत्या, बघ म्हणून. प्रत्येक 'हत्ती'ला नात आणखी आत सरकत होती. शेवटी मी कापूस हातात घेऊन कॉटखाली हात घातला आणि तिच्या गालाला लावला. दोन मिनिटं गेली. मग आतून आवाज आला, "हा अव्वाचा हत्ती?"

आम्ही हसलो तशी ती पण हसली. पण नणंद म्हणाली, "बघा, पोरीचं ना धड मराठी, ना धड कानडी." ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. दर फोनला तेच निघतं, म्हणून त्याचं उत्तर इथं सविस्तर देते.

अव्वांच्या वाक्यात तीन शब्द होते. 'तडी', थांब, हे नातीला कळलं. 'तरतीनी', आणते, हेही कळलं, म्हणून तर तिनं दाराकडं बघितलं. तिसरा शब्द तिच्याकडं आधीच होता, चांगला सोंडेसकट होता, म्हणून तिनं तो वापरला. तीनांत दोन बरोबर, आणि तिसऱ्यात दोष तिचा नव्हे, दोन भाषांचा योगायोग. याला 'ना धड' म्हणत नाहीत. पुण्यातल्या पावणेचार वर्षांच्या मुलाला यातला एकही शब्द कळला नसता, आणि त्यात त्याचंही काही बिघडलेलं नसतं.

अशा वेळी काय करायचं ते सांगते. पहिलं, वस्तू हातात द्या. नुसतं सांगून तीन-चार वर्षांच्या मुलाला उमजत नाही. दुसरं, शब्द माणसाला बांधा, भाषेच्या नावाला नको. 'कानडी' हा शब्द त्या वयात पोकळ असतो, 'अव्वा' खरी असते. तिसरं, दोन्ही टोकं सांगा: "अव्वा कापसाला हत्ती म्हणतात. आपण ज्याला हत्ती म्हणतो, त्याला अव्वा आने म्हणतात." अर्धंच सांगितलं तर मूल खऱ्या हत्तीलाही बिचकतं. चौथं, पुढच्या दोन-चार दिवसांत तो शब्द खऱ्या कामात येऊ द्या. आमच्याकडं दिवाळीच्या वाती वळायच्याच होत्या. कानडीत वात म्हणजे 'बत्ती'. नात अव्वांपाशी बसून कापूस पिंजून द्यायची आणि दिवसभर "हत्तीची बत्ती, हत्तीची बत्ती" म्हणत फिरायची. एक शब्द कानडी, त्याला मराठी प्रत्यय, पुढं दुसरा कानडी. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

भाऊबीजेला तिनं आत्याआजीला गाठलं. "अव्वाच्या डब्यात हत्ती आहे. दाखवू?" नणंद म्हणाली, "डब्यात कसा मावेल हत्ती?" नात तिला हाताला धरून घेऊन गेली, डबा उघडला, कापूस दाखवला आणि उचकी लागेपर्यंत हसली. एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, समोरच्याला त्यातला एकच माहीत आहे, आणि त्यावर गंमत करता येते, एवढं सगळं त्या पोरीच्या डोक्यात होतं. नणंदही हसली. मत बदललं नाही ते नाहीच.

तिचा दुसरा आक्षेप 'मी जातो'वर होता. बेळगाव-कोल्हापूरकडं बायका, मुली "मी जातो, मी आलो" म्हणतात. तुमची मुलगी गल्लीतल्या पोरींबरोबर खेळून तसंच बोलेल. ती इथली रीत आहे, चूक नव्हे. पुण्याच्या आजीशी बोलताना "मी जाते" म्हणायला ती आपोआप शिकेल, मुलं माणूस बघून बोलतात. "काय करूलालीस?" (काय करतेस?) असंही विचारेल, घाबरू नका. मराठी आणि कानडी शेजारी नांदतात त्यात नवीन काही नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' (चावुंडराजानं करवलं) ही मराठी ओळ आहे, आणि तिथंच 'माडिसिदं', म्हणजे करवलं, असं कानडीतही कोरलंय.

आता जिथं खरंच मेहनत लागते ते. कानडीत निर्जीव वस्तूला पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, सगळं नपुंसक. मराठीत पळीलाही लिंग आहे. त्यामुळं इथल्या दोन भाषांच्या मुलांचं मराठी घसरतं ते लिंगात: "ते गाडी आलं", "भाकरी खाल्लं". यावर फळ्यावरचा धडा उपयोगाचा नाही, स्वयंपाकघर उपयोगाचं. ती पळी, तो झारा, ते उलथणं. रोज भांडी लावताना तीन वस्तू तिच्याकडं मागा आणि मागताना विशेषण लावा: मोठी पळी, मोठा झारा, मोठं उलथणं. विशेषण लावलं की लिंग कानावर दोनदा पडतं. महिना-दोन महिन्यांत फरक दिसतो. दुसरी अडचण महाप्राणाची, म्हणजे हवा जोरात सोडून म्हणायच्या अक्षरांची. बोली कानडीत ख, थ, भ बरेचदा सौम्य होतात, मूल 'बाकरी' म्हणायला लागतं. तळहात तोंडासमोर धरून क-ख, त-थ म्हणायला लावा. हातावर हवा आपटली की मुलांना तो खेळच वाटतो.

"मराठीत सांग, मग देते" असा दम देऊ नका. त्यानं मूल मराठी बोलायला लागत नाही, बोलायचंच कमी करतं. "हालू ब्याड" म्हणाली तर "दूध नको? बरं, झाकून ठेवते" एवढंच म्हणा. बरोबर शब्द तिच्या कानावर गेला, तिचं म्हणणंही पोचलं. पाहुण्यांपुढं "कानडी बोलून दाखव" हे तर अजिबात नको. आणि तुम्ही स्वतः तिच्याशी मोडकं कानडी बोलू नका. तुमच्याकडून तिला तुमचं सगळ्यात चांगलं मराठी मिळालं पाहिजे, म्हणजे 'ये, जा, जेव' एवढंच नव्हे. झोपताना अर्धा तास गोष्ट, रागावणं, समजावणं, भांडण मिटवणं, सगळं मराठीत. शेजारचं कानडी आपलं आपण वाढतं. शाळा सुरू झाल्यावर आकसतं ते घरातलं मराठीच.

हे सगळं लिहिलं ते नीट ऐकणाऱ्या, बोलणाऱ्या मुलासाठी. दीड वर्षाचं होऊनही मूल एक शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, आधी येत असलेले शब्द विसरत असेल, किंवा पाठीमागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, तर दोन भाषांना दोष देत थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे धरून मोजा. 'दूध' नसलं आणि 'हालु' असलं तरी तो शब्द आला म्हणायचा. तुमची मुलगी तीन शब्दांची वाक्यं बोलतेय, तिच्याबाबत मला काळजीचं काही दिसत नाही.

माध्यमाचं विचारलंत तर माझं मत मराठी. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड विषय असतोच, ते सुटणार नाही. घरची गणितं तुम्हाला ठाऊक, पुन्हा पुण्याला बदली होणार असेल तर तोही विचार करा.

अंगणवाडीत जरूर घाला, पण त्याआधी सहा शब्द पक्के करून घ्या. 'नीरु' पाणी, 'साकु' पुरे, 'ब्याड' नको (हा तिला येतोच), 'नोवु' दुखणं. आणि शाळेतले दोन: 'ओंदक्के' म्हणजे शू, 'एरडक्के' म्हणजे शी. शब्दशः अर्थ 'एकासाठी' आणि 'दोनासाठी'. एक बोट, दोन बोटं दाखवून घरातच सवय लावा. घाईच्या वेळी मूल आपली भाषा बोलतं आणि नव्या बाईंना ती कळायला वेळ लागतो, त्या दोन मिनिटांत चड्डी ओली होते. पिशवीत जादा चड्डी पहिले तीन आठवडे ठेवाच.