वाचकांचे प्रश्न : विकून टाकलेली जीटीओ पुन्हा सापडेल का?

प्रश्न : मी १९७१ साली पुण्याहून शिक्षणासाठी मिशिगनला आलो आणि पुढच्याच वर्षी ॲन आर्बरमध्ये एका प्राध्यापकांकडून त्यांची वापरलेली १९६८ची पॉन्टियाक जीटीओ विकत घेतली. गडद हिरवा रंग, चार गिअर आणि बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा). माझी पत्नी याच गाडीवर चालवायला शिकली. १९७८मध्ये मुलगी झाली, दोन दारांच्या गाडीत बाळाची टोपली आत-बाहेर करताना दोघांचीही कंबर धरू लागली, आणि शेजारच्या ओहायो राज्यातील टोलेडोच्या एका तरुणाला मी ती विकून टाकली. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. गाडी कुठे आहे, एवढे तरी कळावे अशी इच्छा आहे. कागद काहीच उरलेले नाहीत, गाडीच्या फोटोंच्या जुन्या स्लाइड्स मात्र आहेत आणि नंबरप्लेट तोंडपाठ आहे. त्यावरून सरकारी कार्यालय सध्याच्या मालकाचे नाव सांगेल का?
— एक वाचक, ॲन आर्बर

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचे पहिले दोन-तीन महिने तिथेच वाया जातात. नंबरप्लेटचा येथे उपयोग नाही. मिशिगनमध्ये प्लेट गाडीबरोबर जात नाही, ती विकणाऱ्याकडेच राहते. त्यामुळे तो नंबर फार तर आपल्यापाशीच येऊन थांबेल. कॅलिफोर्नियात प्लेट सहसा गाडीबरोबरच जात असल्याने तिथल्या लोकांच्या यशोगाथा वाचून अनेकांची दिशाभूल होते. दुसरे असे की, १९९४च्या वाहनचालक गोपनीयता कायद्यानुसार कोणत्याही राज्याचे वाहन खाते मालकाचे नाव-पत्ता सहसा त्रयस्थाला देत नाही. १९८९मध्ये रिबेका शेफर या अभिनेत्रीचा पत्ता वाहन नोंदणीतून मिळवून एका माथेफिरूने तिचा खून केला होता आणि हा कायदा येण्यामागे ती घटना होती, हे लक्षात घेतले तर कार्यालयातील माणसाच्या नकाराचा राग येणार नाही.

तेव्हा शोध गाडीचा नव्हे, तर तिच्या कारखान्यातील अनुक्रमांकाचा करायचा. सतरा अंकी व्हीआयएन (म्हणजे हाच वाहन-ओळख क्रमांक) १९८१च्या मॉडेलपासून आला. आपल्या गाडीचा क्रमांक तेरा अंकी असणार, आणि म्हणूनच ऑनलाइन मिळणारे बहुतेक इतिहास-अहवाल तो स्वीकारतच नाहीत. सुदैवाने १९६८पासून पॉन्टियाक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने या क्रमांकाची पट्टी दाराच्या खांबावरून काढून चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसेल अशी बसवली. आपल्या स्लाइड्सपैकी जिच्यात गाडी डाव्या बाजूने, जवळून आणि काचेवर ऊन चमकत नसताना टिपलेली असेल, ती उत्तम स्कॅनरवर मोठ्या रेझोल्यूशनने काढून घ्या. पत्नी चालकाच्या जागी बसल्याची एखादी स्लाइड असेलच; चेहऱ्याकडे नंतर पाहा, आधी काचेचा खालचा कोपरा पाहा. तिथे काही लागले नाही, तर जुनी विमा पॉलिसी, कर्ज घेतले असल्यास बँकेचा कागद किंवा गॅरेजचे बिल शोधा. प्राप्तिकराच्या जुन्या फायलींत असे कागद अनेकदा दडून बसलेले असतात.

क्रमांक मिळाला की तो वाचता येतो. सुरुवातीचे २४२ म्हणजे जीटीओ, पुढचे ३७ म्हणजे हार्डटॉप (पक्के छप्पर, पण खिडक्यांमध्ये खांब नाही), त्यानंतरचा ८ म्हणजे १९६८चे मॉडेल, मग कारखान्याचे अक्षर (पॉन्टियाक शहरातल्या कारखान्याचे ‘पी’) आणि शेवटी सहा आकडी अनुक्रम. हे पाठच करून ठेवा. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ तयार झाल्या असल्या, तरी आज बाजारात जीटीओ म्हणून मिरवणाऱ्या काही गाड्या मुळात पॉन्टियाकच्याच साध्या लेमान्स मॉडेलच्या आहेत. त्यांचा क्रमांक २३७ने सुरू होतो. बॉनेट, बिल्ले, टॅकोमीटर हे सगळे नंतर बसवता येते. रंगावर तर मुळीच विसंबू नका. आपला हिरवा बहुधा ‘व्हर्डोरो ग्रीन’ असावा, पण जीर्णोद्धार करणाऱ्याने तिला कधीच लाल करून टाकलेले असू शकते.

हाच क्रमांक पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेला शुल्कासह कळवलात, तर कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मिळते. गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली आणि तिच्यात काय काय बसवले होते, हे तीवरून कळते. मालकांची नावे तिच्यात नसतात, परंतु पुढे कोणी गाडी दाखवली, तर ती आपलीच आहे का हे पडताळायला यासारखा पुरावा नाही.

आता टोलेडोचा तरुण. त्याचे आडनाव आठवत असेल, तर तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात सत्तरच्या दशकातल्या शहर-डिरेक्टऱ्या पाहता येतात. त्यांत नाव, पत्ता आणि बहुधा व्यवसायही छापलेला असे. माझ्या मते, आपल्या हाती असलेल्या साऱ्या धाग्यांत हा सर्वांत बळकट आहे, कारण गाडी पुढे कोणाला दिली हे त्याला किंवा त्याच्या भावंडांना आठवत असण्याची शक्यता कोणत्याही संगणकीय नोंदीपेक्षा जास्त आहे. जोडीला जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिका आणि पॉन्टियाक-ओकलंड क्लब इंटरनॅशनल यांच्या ओहायो-मिशिगनमधील सभासदांपर्यंत निवेदन पोहोचवा. ऑगस्टमध्ये डेट्रॉइट परिसरातल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा जो मेळावा भरतो, तिथे हातात मोठा छापील फोटो घेऊन दिवसभर उभे राहणेही वाया जाणार नाही. या मंडळींना दुसऱ्याच्या जुन्या गाडीची गोष्ट ऐकण्याचा कंटाळा नसतो.

निवेदनात गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे मात्र छापू नका. “तुमची गाडी माझ्याकडे आहे, आगाऊ रक्कम पाठवा” असे सांगणारे लगेच उगवतात; उरलेले तीन आकडे सांगा म्हटले की गप्प होतात. शिवाय आपल्यालाच ठाऊक असलेली एखादी खूण राखून ठेवा : सीटवरचा सिगारेटचा डाग, रेडिओसाठी पाडलेले वेडेवाकडे भोक, असे काहीही.

वर सांगितलेल्या कायद्यातच एक छोटी फट आहे. वाहन खात्याने तशी सोय ठेवली असेल, तर ते आपल्या विनंतीची प्रत मालकाला टपालाने पाठवते आणि त्याने लेखी संमती दिली तरच माहिती उघड करते. ओहायोच्या मोटार वाहन कार्यालयाला, क्रमांक हाती आल्यावर, ही सोय आहे का असे नेमके विचारा. मिशिगनची ओल खाल्लेला पत्रा हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने सडतो आणि अशा कितीतरी गाड्या केव्हाच भंगारात गेल्या आहेत, याचीही मनाची तयारी असू द्या.

मालक सापडलाच, तर पहिल्या पत्रात किमतीचा विषय काढू नका. आपल्या स्लाइड्सच्या चार चांगल्या प्रती पाठवा आणि गाडी कधी, कोणाकडून घेतली ते लिहा. जुन्या गाडीच्या धन्याला तिचा १९७२ ते १९७८चा सचित्र इतिहास घरबसल्या मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या बदल्यात तो आपल्याला निदान एकदा चालकाच्या जागी बसू देईल. तिथे बसल्यावर मागच्या सीटच्या स्प्रिंगांखाली कारखान्याचा मूळ बांधणी-कागद (गाडीत काय काय बसवायचे याची यादी) अजून अडकलेला आहे का, हे त्याने कधी पाहिले आहे का, तेवढे विचारा.