शाळेचा बोर्ड नंतर वाचा, आधी पगार कोण देतं ते विचारा

प्रवेशाचे दिवस आले की सोलापुरात मला दोनच ठिकाणी अडवतात, एक भाजी मंडईत आणि दुसरं लग्नात. सव्वीस वर्षं एका अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात काढलीत, त्यामुळे लोकांना वाटतं ह्याला सगळं माहितीय. सगळं नाही, पण खिडकीच्या आतल्या बाजूने बघितलेलं बरंच आहे. या खेपेला आलेल्या प्रश्नांतले पाच घेतलेत.

विडी घरकुलातल्या एक ताई विचारतात: माझी मोठी आणि धाकटी एकाच शाळेत, एकाच इमारतीत. मोठीला फी नाही, धाकटीला सेमीच्या वर्गात घातलं तर वर्षाला फी भरावी लागते. शाळा सरकारी आहे का खाजगी?

ताई, शाळा खाजगी संस्थेचीच आहे, पण या शब्दाने काहीच कळत नाही. आपल्याकडे "खाजगी" म्हणजे फीवाली आणि "सरकारी" म्हणजे फुकट असं लोक धरून चालतात आणि तिथंच फसतात. एकच प्रश्न विचारायचा, मास्तरांचा पगार कोण देतं?

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा तर सरळच आहेत. त्यानंतर अनुदानित. इथं इमारत, मैदान, संचालक मंडळ, गॅदरिंगला हार घालून घेणारे अध्यक्ष हे सगळं संस्थेचं, पण शिक्षकाचा पगार शासन शालार्थ प्रणालीतून थेट त्याच्या खात्यात टाकतं. म्हणून तिथं पहिली ते आठवीला पुस्तकं मोफत, दुपारची खिचडी, मुलींना तर बारावीपर्यंत शिक्षण फी माफ. तुमची मोठी या प्रकारात मोडते.

धाकटीची सेमीची तुकडी बहुतेक विनाअनुदानित आहे. एकाच गेटमधून आत गेलं तरी अ आणि ब तुकडीचा पगार शासन देतं आणि क तुकडीच्या बाईंचा पगार तुमच्या फीतून निघतो, असं कितीतरी शाळांत चालतं आणि ते लपवलेलंही नसतं, फक्त पालकांना कुणी सांगत नाही. तुम्ही मुख्याध्यापकांना एवढंच विचारा की ही तुकडी अनुदानित आहे का, आणि नसेल तर अनुदानित तुकडीत जागा आहे का.

मधे अजून एक जात आहे, अंशतः अनुदानित. शासनाने पूर्वी शाळांना परवानग्या दिल्या त्या "कायम विनाअनुदानित" म्हणून, म्हणजे कधीच पैसे मागायचे नाहीत. मग २००९ मध्ये त्यातला "कायम" हा एक शब्द काढला, आणि तेव्हापासून २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के असं टप्प्याटप्प्याने अनुदान चालू आहे. आझाद मैदानावर शिक्षक बसतात ना, ते बरेचदा याच टप्प्यांसाठी. एका शब्दावर माणसांची अर्धी नोकरी गेलीय बघा. आणि २०१२ च्या कायद्यानंतर जी स्वयंअर्थसहाय्यित शाळा निघाली ती सगळी स्वतःच्या पैशावर, तिथं अनुदानाचा विषयच नाही.

आता अनुदानित शाळासुद्धा "विकास निधी" म्हणून पैसे का मागतात? पगार शासन देतं पण वीजबिल, झाडूवाला, खडू, संगणक यासाठीचं वेतनेतर अनुदान अगदीच तुटपुंजं असतं. अडचण खरी आहे, पण म्हणून सक्ती करता येत नाही. पावती मागा. पावतीवर देणगी लिहिलं असेल तर ती ऐच्छिक आहे.

अशोक चौकातले यंत्रमाग कामगार: आरटीईतून पोराला इंग्लिश शाळेत घालायचंय. पगाराची स्लिप नाही, उत्पन्नाचं काय दाखवू? आणि नंबर लागला तर दहावीपर्यंत फुकट ना?

नाही दादा, आठवीपर्यंत. हे पहिल्यांदा सांगतो कारण नववीच्या तोंडावर रडत आलेले आईबाप मी बघितलेत. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा, त्यात खाजगी शाळेने प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या पोरांना फुकट द्यायच्या असतात. तो २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयाचा आहे. आठवी संपली की शाळा पूर्ण फी मागू शकते. तेव्हा पहिलीला फॉर्म भरतानाच त्या शाळेची नववीची फी विचारून ठेवा, झेपणार नसेल तर आठवीनंतर अनुदानित हायस्कूलचा रस्ता आहेच.

उत्पन्नाचं म्हणाल तर आधी जातीचा दाखला आहे का बघा. एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी, एसबीसी हे वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकातून भरणार असाल तर वर्षाला १ लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं, त्यासाठी तहसीलदारांचा दाखला चालतो, स्लिपच पाहिजे असं नाही. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार रजिस्टर केलेला ठेवा, साध्या स्टॅम्पवरचा करार पडताळणीत उडतो आणि तेव्हा पळापळ करून उपयोग नसतो.

"आता एक किलोमीटरात सरकारी शाळा असली तर आरटीई मिळत नाही" असं तुम्हाला कुणी सांगितलंय ते जुनं झालं. फेब्रुवारी २०२४ ला शासनाने तसा नियम काढला होता खरा, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्क्यांतून सूट. पण मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा मात्र या २५ टक्क्यांत येत नाहीत, तेवढं यादीत बघून घ्या.

प्रवेश झाल्यावर डोनेशन मागितलं तर तो गुन्हा आहे, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करणं हेही बंद आहे, त्याला पहिल्या वेळी २५ हजारापर्यंत दंड. शाळा कुरकुर का करतात तेही सांगतो, या पोरांचे पैसे शासनाने शाळेला द्यायचे असतात आणि ते वेळेवर येत नाहीत. पण ते भांडण शाळेचं आणि शासनाचं, त्यात तुमच्या पोराला मागच्या बाकावर बसवायचं कारण नाही.

जुळे सोलापुरातून: इंग्लिश मीडियमने एकदम फी वाढवली, पालक सभेत कुणाला विचारलंही नाही. तक्रार केली तर पोराला त्रास देतील का?

एकट्याने केलीत तर भीती वाटणारच, आणि एकट्याची तक्रार कायद्यातही फारशी चालत नाही. फी नियंत्रणाचा कायदा २०११ चा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची, संस्थेच्या ओळखीतले चार जण बसवायचे नाहीत. नवीन वर्षाच्या सहा महिने आधी संस्थेने फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. म्हणजे तुम्ही पहिलं पत्र फीबद्दल नाही, समितीबद्दल द्या: समितीत कोण आहे, चिठ्ठ्या कधी काढल्या, ठरावाची प्रत द्या. निम्म्या शाळांची गाडी इथंच पंक्चर होते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर वर तक्रार न्यायची तर २५ टक्के पालकांच्या सह्या लागतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्यांना कागदावर सही करायला लावा, तिथं कळतं किती जण खरे.

एक आजोबा, पूर्व भागातून: घरी तेलुगू बोलतो. नातवाला महापालिकेच्या तेलुगू शाळेत घालावं का? पट कमी आहे म्हणतात.

आजोबा, मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या पालिका शाळा असलेली गावं राज्यात किती आहेत? आपल्याला त्याचं काही वाटत नाही, ते सोडा. पुस्तकांची काळजी नको, बालभारती तेलुगूतही छापतं. आणि २०२० च्या कायद्याने मराठी कुठल्याही माध्यमाच्या शाळेत सक्तीची आहे, त्यामुळे पोरगा मराठीत मागे पडेल असंही नाही.

काळजी शिक्षकांची करा. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक पाहिजेत. शाळेत जाऊन बघा दोघं खरंच आहेत का, का एकजण कायम कुठल्यातरी कामावर. आणि एक दिवस वर्गाबाहेर उभं राहून तिसरीतलं पोर वाचतंय का ते ऐका, ते कुठल्याही दाखल्यापेक्षा खरं. चांगला मास्तर मिळाला तर इमारत गौण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले, ती काही एसी वर्गांची शाळा नव्हती. आणि पुढे आठवीत एनएमएमएस परीक्षा देता येईल, निवड झाली तर वर्षाला १२ हजार स्कॉलरशिप, आणि ती फक्त सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या पोरांना. फीवाल्या शाळेतल्याला ती नाही.

नई जिंदगी भागातून, घाईत लिहिलेला प्रश्न: फी थकली म्हणून शाळा सहावीतल्या मुलीची टीसी देत नाही. नवीन शाळा टीसीशिवाय घेत नाही.

नवीन शाळा कुठली? पालिकेची किंवा अनुदानित असेल तर टीसीला उशीर झाला म्हणून तिला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याचं कलम ५ आहे. म्हणजे पुन्हा तेच, पगार शासन देत असेल तर दार उघडावंच लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. थकलेली फी हा वेगळा हिशोब, तो जुन्या शाळेशी नंतर बसून मिटवा. साध्या कागदावर प्रवेशाचा अर्ज लिहा, मागच्या वर्षीच्या गुणपत्रकाची झेरॉक्स जोडा आणि दोन प्रती न्या. नाहीच घेतला तर तोच अर्ज पालिका शाळेसाठी महापालिकेच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे, अनुदानित असेल तर झेडपीत शिक्षणाधिकाऱ्यांकडे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आतला माणूस "ठेवून जा, बघतो" म्हणेल. मीही सव्वीस वर्षं तेच म्हणायचो.