आठ लेख पाठवले, एकही लागला नाही. ऑनलाइन लेखन सोडून द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पाच महिन्यांत वेगवेगळ्या वेबसाइटना आठ लेख पाठवले. सहा परत आले, दोघांनी उत्तरच दिलं नाही. भाषा चांगली आहे असं सगळे म्हणतात, मग चुकतंय कुठे?

हे 'सगळे' म्हणजे घरचे आणि मित्रमंडळी असतील तर त्यांना तूर्त बाजूला ठेवा. माझीही तीच गत होती. मी सांगलीचा. बरीच वर्षं इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहायचो आणि माझा लेख कधी परत आला नाही. त्यावरून मी ठरवून टाकलं की आपल्याला लिहिता येतं. खरी गोष्ट एवढीच होती की ठरलेल्या वेळेत पान भरायचं असायचं आणि मी कधी उशीर करत नसे.

२०१९ मध्ये वेबसाइटसाठी लिहायला लागलो आणि पहिले चार लेख ओळीने परत आले. चौथा सांगलीच्या हळदीवर होता. आदल्याच वर्षी तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं होतं, म्हणून विषय हातचा वाटला. सुरुवात काय केली होती, तर 'भारतीय संस्कृतीत हळदीला अनन्यसाधारण महत्त्व आहे'. मग लग्नातली हळद, जखमेवरची हळद, आजीचं हळदीचं दूध. बाराशे शब्द. संपादकबाईंचं उत्तर आलं : "हळद सगळ्यांना माहीत आहे. हरिपूरचं पेव आम्हाला माहीत नव्हतं आणि ते तुम्ही नवव्या परिच्छेदात एका वाक्यात उरकलंय. या स्वरूपात घेता येणार नाही."

दोन दिवस नुसता धुमसत होतो. मग लक्षात आलं की बाई बरोबर बोलतायत. हरिपूर सांगलीला अगदी लागून. पेवं लहानपणापासून पाहिलेली, म्हणूनच त्यात सांगण्यासारखं काही आहे हे कधी सुचलंच नाही. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. तिथली माती अशी की हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातून गेली. हे सगळं मला माहीत होतं आणि मी लिहीत होतो काय, तर हळदीचं दूध!

पुन्हा हरिपूरला गेलो, पेवात उतरलेल्या एका जुन्या हमालाशी बोललो आणि पेवाचं तोंड उघडण्यापासून लेख सुरू केला. सातशे शब्दांत संपला. बाईंना पाठवला तर त्यांनी परत नाकारला, कारण तोवर हळदीवर दुसऱ्या कुणाचा लेख त्यांनी घेतला होता. शेवटी तो तिसऱ्याच ठिकाणी लागला, शब्दाला चाळीस पैशांनी. म्हणजे २८० रुपये. हरिपूरच्या दोन फेऱ्यांचं पेट्रोल आणि चहा वजा जाता काय उरलं ते विचारू नका.

तेव्हा तुमचे आठही लेख काढा आणि पहिले दोन परिच्छेद हाताने झाकून वाचा. काही अडलं नाही, तर ते परिच्छेद तुम्ही स्वतःला लिहायला बसवण्यासाठी लिहिले होते. तसं लिहायला हरकत नाही, फक्त पाठवताना काढून टाका. पुरवणीचा वाचक चहा घेत निवांत वाचत असतो, तो प्रस्तावना सोसतो. मोबाइलवर त्याच वेळी खाली व्हॉट्सअॅप वाजत असतं.

आता ती सहा उत्तरं पुन्हा वाचा, कारण सगळे नकार सारखे नसतात. 'हा विषय आमच्याकडे होऊन गेलाय' यात तुमच्या लेखनाविषयी काहीच नाही. त्याच साइटवर आधी शोधलं असतं तर तो लेख तिथे पाठवलाच नसता. 'आमच्या सुराशी जुळत नाही' हे मोघम वाटतं, पण त्यांचे चार-पाच लेख मोठ्याने वाचून बघा, बहुतेक वेळा कळतं : ते वाचकाशी बोलतायत आणि आपण अध्यक्षीय भाषण ठोकतोय. आणि आरोग्य किंवा पैसा हा विषय असेल तर प्रत्येक दाव्याला आधार लागतो. 'तज्ज्ञांच्या मते' म्हटलं की कोणते तज्ज्ञ, हा प्रश्न येणारच. पूर्वी मासिकांकडून पोस्टाने 'साभार परत' अशी छापील चिठ्ठी यायची, कारण बिरण काही नाही. त्या मानाने एका ओळीचं का होईना, कारण लिहिणारा संपादक भला माणूस. त्याच्याशी वाद घालू नका. मी एकदा घातला होता, ते दार कायमचं बंद झालं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करत असाल तर आजच युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठी नीट दिसेल अशा टायपिंगवर या. माझा एक लेख समोरच्याला नुसती चिन्हं म्हणून पोचला होता आणि मी महिनाभर उत्तराची वाट बघत बसलो होतो.

एक मात्र सांभाळा. 'नमुना म्हणून हजार शब्दांचा लेख फुकट लिहून द्या' म्हणणाऱ्यांना शंभर-दीडशे शब्दांपलीकडे काही देऊ नका. माझा असा एक नमुना 'पसंत पडला नाही', आणि दोन महिन्यांनी बिननावाचा त्यांच्याच साइटवर दिसला. त्या नकारातून शिकण्यासारखं काहीही नव्हतं.

राहिले ते दोन गप्प बसलेले. दोन आठवडे थांबा, एक आठवण करा, अजून आठवडाभर वाट बघा. मग 'लेख मागे घेतोय' अशी एक ओळ पाठवा आणि तो दुसरीकडे द्या. ही ओळ विसरू नका, नाहीतर एकच लेख दोन ठिकाणी लागतो आणि दोघेही तुमच्यावर रागावतात.